उंबरठ्यावर मोती

आमच्याकडे कुत्र्याचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, ज्या घरात कुत्रा असतो त्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत. दोन, त्याची लाळ नापाक आहे. त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे लागते. दोन्ही गोष्टी हदीसमध्ये आहेत, त्यामुळे त्या नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत तिसरी गोष्टही आहे आणि ती सांगताना आमच्या लोकांचा आवाज जरा लहान होतो. वाटेने जाणाऱ्या एका माणसाने तहानेने व्याकूळ होऊन ओली माती चाटणारा कुत्रा पाहिला. तो विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरले, मोजा दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजले. एवढ्या कामावर अल्लाहने त्याला माफ केले. दुसऱ्या एका रिवायतीत हेच काम करणारी एक बदनाम बाई आहे. तिलाही माफी मिळाली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांना उर्दू आणि इतिहास शिकवतो. पतरस बुखारी (१८९८–१९५८) यांचा 'कुत्ते' हा विनोदी लेख मी दरवर्षी मुलांना वाचून दाखवतो. रात्री गल्लीत भुंकणाऱ्या कुत्र्यांचा त्यांनी जो मुशायरा रंगवला आहे, तो ऐकून मुले बाकांवर लोळतात. पतरस पुढे संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे प्रतिनिधी झाले, पण उर्दू वाचकाच्या मनात ते कुत्र्यांना घाबरणारा एक बिचारा माणूस म्हणूनच राहिले. आमच्या साहित्यात कुत्रा असाच येतो. एकतर हसण्यासाठी, नाहीतर शिवी म्हणून. मजनूने लैलाच्या गल्लीतल्या कुत्र्याचे पाय चुंबले ही कथा आम्ही सांगतो, पण ती मजनूचे वेड दाखवण्यासाठी. कुत्र्याचे त्यात काही नसते.

माझ्या घरात कुत्रा आला तो साहित्यातून आला नाही आणि फिकहची पुस्तके वाचूनही आला नाही. तो आला टाळेबंदीच्या वर्षी, गळ्यात किडे पडलेला.

मी मूळचा उदगीरचा. बी.एड. झाल्यावर दोन वर्षे घरी बसलो आणि २०१४ साली शिक्षणसेवक म्हणून माहूरला लागलो. माहूर हे नांदेड जिल्ह्याचे उत्तर टोक. पैनगंगेच्या अलीकडे सागाचे डोंगर आणि एकेका डोंगरावर एकेक स्थान. रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर, अनसूयामाता, पडझड झालेला किल्ला. सोनापीर बाबांचा दर्गा इथे आहे आणि वझऱ्याच्या धबधब्याकडे शेख फरीद. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गावात पाय ठेवायला जागा नसते. या गावाचा धंदा, दुकाने, रिक्षा, लॉज, कुटलेला तांबूल विकणाऱ्या बायका, सगळे यात्रेकरूंवर चालते. आणि हे मला फार उशिरा समजले, की गावातली कुत्रीही यात्रेकरूंवरच जगतात.

दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद आहेत असे इथले लोक मानतात. दत्त दिवसभर भ्रमण करून झोपायला माहूरगडावर येतात, अशीही श्रद्धा आहे. त्यामुळे गुरुवारी कुत्र्याला पोळी, बिस्किट, दूध घालणारे भाविक इथे खूप. दुसऱ्या गावचे कुत्रे माणूस दिसला की पळते, माहूरचे कुत्रे माणूस दिसला की जवळ येते. त्याला सवयच तशी लागलेली.

२०२०च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. मंदिरे, मशिदी, शाळा, एसटी. डोंगराच्या रस्त्यावर माणूस नाही. पहिल्या महिन्यात वानरे घरांच्या पत्र्यांवर उतरली. कुत्री मात्र बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसून राहिली. दोन महिन्यांनी त्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

त्याच्या आदल्या वर्षी माझे अब्बा वारले होते. अम्मी उदगीरचे घर बंद करून माझ्याकडे राहायला आली होती. दीड खोली, समोर लहान आंगण, वर पत्रा. मी शाळेत गेलो की ती दिवसभर एकटी. शेजारी सगळे मराठी बोलणारे. अम्मीला मराठी समजायची, पण बोलायची लाज. उदगीरला तिचे सगळे आयुष्य आमच्या मोहल्ल्यात दखनी बोलण्यात गेले होते. इथे शेजारच्या काकूंनी "कशा आहात?" म्हटले की ती मान हलवायची आणि आत जायची. अब्बांच्या मागे ती तशीही कमीच बोलत होती. टाळेबंदीत तर मी घरात असूनही दिवस दिवस आमच्यात "खाना खाले" याच्यापुढे बोलणे जात नव्हते.

जुलैत पाऊस लागला. असरनंतर मी गावाबाहेरच्या रस्त्याने चालायला जात असे. तिथे एक बंद पडलेला ढाबा होता. एके दिवशी त्याच्या मागून साखळीचा आवाज आला. जाऊन पाहिले तर एक तांबूस कुत्रा, खांबाला बांधलेला. मालक धंदा बंद करून गावी निघून गेला होता. सुरुवातीला कोणीतरी भाकरी टाकत असावे, मग तेही थांबले. कुत्रा पिल्लू असताना घातलेला पट्टा कोणी सैल केला नव्हता. कुत्रा वाढला, पट्टा तेवढाच राहिला. तो आता मांसात रुतला होता, वर कातडी फुगली होती आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. वास इतका, की मी रुमाल नाकाला लावला. तो भुंकला नाही. उठलाही नाही. शेपटीचे टोक तेवढे दोनदा जमिनीवर आपटले.

मुंबईत 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था १९८५पासून काम करते, पुण्यात 'रेस्क्यू' आहे. तिथे एखाद्या प्राण्याला घेऊन जाता येते, तिथून लोक कुत्री दत्तकही घेतात. माहूरला असे काही नाही. इथे निवारा म्हणजे कोणाचे तरी आंगण.

शेजारचे काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना बोलावून आणले. त्यांनी कुत्र्याच्या तोंडावर पोते टाकले, मी पाय धरले आणि त्यांनी पत्रा कापायच्या कात्रीने पट्टा कापला. तो ओढून काढताना कुत्र्याने जो आवाज केला तो कुत्र्याचा वाटत नव्हता. पोत्यात घालून मोटारसायकलवर त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी टर्पेंटाईनचा बोळा लावून चिमट्याने एकेक अळी काढली, जखम धुतली, इंजेक्शन दिले. म्हणाले, "सर, हा रस्त्यावर ठेवला तर माशी परत बसेल. पंधरा दिवस तरी कोणीतरी सांभाळावा लागेल." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. काकांच्या घरी आधीच एक म्हैस आणि तीन नातवंडे. कुत्रा माझ्या आंगणात आला.

अम्मी दारात उभी होती. तिने आधी माझे कपडे पाहिले, मग पोते.

"इसको कायकू लाया रे?"

"पंधरा दिन के वास्ते, अम्मी."

"घर में एक कमरा. मैं नमाज कां पढूं, तू इसको कां रखींगा?"

मी म्हणालो, हा आंगणातच राहील. तिने जानमाज उचलून उंच खुंटीला टांगली, पाण्याचे माठ आतल्या खोलीत नेले आणि आंगण व खोलीमधला उंबरठा बोटाने दाखवून सांगितले, "ये चौखट के अंदर आया, तो मैं उदगीर चली." बसेस बंद होत्या हे तिलाही माहीत होते, पण तिने सांगितले ते खरेच होते.

त्याच्यासाठी जर्मनची एक थाळी वेगळी काढली. माझ्यासाठी दवाखान्याच्या कामाचा एक शर्ट वेगळा. रोज जखम धुणे, मलम, हळद. दोन आठवड्यांत जखम भरत आली. अंगावरची लूत जायला तीन महिने लागले. गळ्याभोवती मात्र केस परत आले नाहीत. आजही तिथे कातडीचा गुळगुळीत कडा आहे, जणू पट्टा अजून घातलेलाच आहे. काकांच्या नातवंडांनी त्याला मोती म्हणायला सुरुवात केली. अम्मी त्याला काहीच म्हणत नव्हती. म्हणालीच तर "वो".

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुत्रा अम्मीला नवा नव्हता. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातले. त्या तालुक्यातले जानवळ गाव पश्मी आणि कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. लांब निमुळते तोंड, आत गेलेले पोट, आणि पश्मीच्या कानावर, शेपटीवर रेशमासारखे केस. पश्म म्हणजे लोकर. हा फारसी शब्द मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसला आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन भरते, तिथेही अशी कुत्री येतात. नानांच्या तरुणपणी त्यांच्याकडे अशीच एक पश्मी होती. तिच्यासाठी वेगळी बाज होती. थंडीत तिच्या अंगावर झूल घालत. नाना पाच वेळचे नमाजी होते आणि घरात कोणी त्या कुत्रीला नापाक म्हटल्याचे अम्मीला आठवत नव्हते.

मी तिला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, "वो नसल का था. शिकार का था. ये लावारिस है."

मला त्या उत्तराने खूप शिकवले. म्हणजे अडचण सगळी धर्माची नव्हती. शिकारीचा, शेताच्या आणि गुरांच्या राखणीचा कुत्रा ठेवायला हदीसमध्येच परवानगी आहे. शिकवलेल्या शिकारी जनावराने पकडलेली शिकार हलाल असल्याचे कुरआनात आले आहे. पण आमच्या मनात त्यापलीकडची एक उतरंड आहे. खानदानी कुत्रा आणि बेवारशी कुत्रा. माणसांच्या बाबतीतही आम्ही हेच करतो. आधी विचारतो, कोणाचा? २०२४च्या ऑक्टोबरात रतन टाटा गेले, तेव्हा त्यांचा 'गोवा' नावाचा कुत्रा अंत्यदर्शनाला आणलेला टीव्हीवर दिसला. गोव्याच्या रस्त्यावर भेटलेला, म्हणून त्याचे नाव गोवा. अम्मी पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "इत्ते बडे आदमी का कुत्ता, और वो बी रस्ते का?" मग थोड्या वेळाने, "अच्छा हुआ."

पण ते फार पुढचे. २०२०च्या पावसाळ्यात अम्मीचा आणि मोतीचा अबोला होता.

तो मोडला एका शुक्रवारी. अम्मी दर जुम्म्याला सूरह कहफ पढते, खाली उर्दू तर्जुमा असलेल्या जुन्या कुरआनातून. त्या सूरहमध्ये गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची कथा आहे, जे जुलमी लोकांपासून आपला ईमान वाचवायला पळाले आणि शेकडो वर्षे झोपून राहिले. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्रा होता. तो गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे दोन पाय पसरून बसलेला होता, असे त्यात म्हटले आहे. ते किती जण होते यावर लोक वाद घालतात, तीन म्हणतात, पाच म्हणतात, सात म्हणतात, आणि प्रत्येक वेळी शेवटी कुत्रा मोजला जातो. एकट्या त्या सूरहमध्ये त्या कुत्र्याचा उल्लेख चार वेळा येतो. लोकपरंपरेने त्याला कित्मीर हे नावही दिले आहे.

अम्मीने ही सूरह आयुष्यात शेकडो वेळा पढली असेल. त्या दिवशी पढता पढता ती थांबली. मी आत वह्या तपासत होतो. तिचा आवाज थांबला म्हणून वर पाहिले. ती चष्म्यावरून दाराकडे पाहत होती. बाहेर पाऊस होता. मोती उंबरठ्याच्या पलीकडे बसला होता आणि त्याचे पुढचे दोन पाय उंबरठ्यावर पसरलेले होते. आत एक नखही नव्हते. तिने सांगितलेली हद्द त्याने त्या दोन महिन्यांत एकदाही ओलांडली नव्हती.

ती काही बोलली नाही. सूरह पूर्ण केली, कुरआन जुजदानात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी मी भाकरी कुस्करायला उठलो तर थाळी आधीच भरलेली होती.

"तुम डाले, अम्मी?"

"वो बी तो चौखट पेच था ना," ती म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत कोणी काढली नाही.

एक अडचण मात्र राहिली. मोतीला दखनी येत नव्हती. अम्मी म्हणायची, "बैठ," तो उभाच. "नक्को जा उदर," तो जायचाच. ढाब्यावर त्याच्याशी सगळे मराठीत बोललेले. काकूंनी भिंतीपलीकडून सांगितले, "अहो, त्याला 'बस' म्हणा, 'बस'!" अम्मीने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बस." मोती बसला. अम्मीच्या चेहऱ्यावर जे आले ते मी अब्बा गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिले.

तेव्हापासून ती त्याच्याशी मराठीत बोलू लागली. "चल रे मोत्या." "थांब जरा." "कुटं गेलता?" चुकले तरी मोती हसत नव्हता. महिनाभरात तिची वाक्ये लांब झाली. "काल तू जेवला नाहीस, आज मी काय तुझ्यासाठी मटण आणू का?" भिंतीपलीकडे काकू हे ऐकत. एक दिवस त्यांनीच मध्ये उत्तर दिले आणि त्या उत्तराला अम्मीनेही उत्तर दिले. मराठवाड्यात आमच्या किती तरी बायका आयुष्यभर मराठी ऐकतात आणि बोलत नाहीत, कारण चुकण्याची भीती असते. मी भाषेचा शिक्षक. अम्मीला मराठी मी शिकवू शकलो नव्हतो. ते काम मोतीने केले, आणि अगदी बरोबर पद्धतीने केले. बी.एड.ला आम्ही पाठ केले होते की शिकणाऱ्याला भीती वाटली की शिकणे थांबते. मोतीच्या वर्गात भीती नव्हती.

काकूंनीच अम्मीला दत्ताची एक कथा सांगितली. संत एकनाथ आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादला होते, तेव्हा दत्त त्यांना भेटायला मलंगाच्या, म्हणजे मुसलमान फकिराच्या वेषात आले. सोबत एक कुत्री होती. मलंगाने कुत्रीचे दूध काढले, त्यात भाकरी कुस्करली आणि एकनाथांना खायला बोलावले. एकनाथ गोंधळून गेले. अम्मीने पूर्ण कथा ऐकली आणि मला रात्री सांगितली, तिच्या शब्दांत. शेवटी म्हणाली, "देख, उनके एकनाथ बी हिचकिचाए." आपल्यासारखेच दुसऱ्यालाही अवघड गेले, याचे तिला समाधान वाटले होते. नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. तिथल्या नामदेवांची, भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची गोष्टही तिला काकूंकडूनच कळली.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली. आम्ही मशिदीत जाऊ लागलो आणि माझ्या घरच्या कुत्र्याची चर्चाही तिथे आली. एक बुजुर्ग मला वजूखान्याजवळ थांबवून म्हणाले, "सर, आप बच्चों को पढ़ाते, और घर में कुत्ता पालते?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मी मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले की आपल्या हनफी मसलकमध्ये कुत्र्याची लाळ नापाक आहे, कोरडे अंग लागल्याने कपडा नापाक होत नाही, आणि राखणीसाठी कुत्रा ठेवायला हरकत नाही. मालिकी फकीह तर त्याची लाळही पाक मानतात. नमाजची जागा आणि भांडी वेगळी ठेवा. मग म्हणाले, "एका बाईने मांजर बांधून उपाशी मारली, तिला अजाब झाला, ही हदीस लोक विसरतात. बांधलेल्या जनावराचा हिसाब बांधणाऱ्याला द्यावा लागतो." मी ते बुजुर्गांना सांगितले. ते आजही मोती दिसला की पायजमा थोडा वर उचलून जातात. मोतीही त्यांना वाट देतो. एवढे झाले तरी एका गल्लीत राहता येते.

टाळेबंदी उठल्यावर ढाब्याचा मालक परत आला. त्याने मोतीला ओळखले आणि मोतीने त्याला. शेपूट हलली, पण तो माझ्या पायाशीच बसून राहिला. मालकाने त्याच्या गळ्यावरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. "धंदा गेला सर, तेव्हा माझंच ठिकाण नव्हतं," एवढेच म्हणाला. "आता तुमच्याकडंच राहू द्या." तो दुष्ट माणूस नव्हता. उपासमारीच्या काळात साखळीच्या टोकाला जो असतो त्याच्यापर्यंत शेवटी काहीच पोचत नाही.

मला कुत्र्यांविषयी आता जे वाटते ते असे आहे म्हणून मी दुसरी बाजू विसरत नाही. २०२३ साली आमच्या शाळेचा सातवीतला एक मुलगा रस्त्यात कुत्र्याने चावून रडत आला. पोटरीवर दातांच्या खोल खुणा. घरच्यांनी त्यावर चुना आणि तिखट लावले होते. मी जखम वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. ठरलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने होईपर्यंत त्याच्या आईच्या मागे लागलो. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशात. त्यांत लहान मुले फार. त्या मुलाने पुढे महिनाभर शाळेचा रस्ता बदलला होता. त्याची भीती खरी होती आणि तिच्यासमोर प्राणिप्रेमाचे भाषण करणे मला जमले नसते. मोतीला मी दरवर्षी रेबीजची लस देतो, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. अम्मी ती तारीख माझ्याआधी लक्षात ठेवते.

२०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांची नसबंदी करावी, लस द्यावी आणि मूळ जागी सोडावे, हा नियम २००१पासून आहे. २०२३मध्ये तो नव्याने आला. नियम चांगला. पण नसबंदीची सोय, डॉक्टर आणि पिंजऱ्याची गाडी मोठ्या शहरात मिळते. डोंगरातल्या गावात ती कागदावर येते. मग ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांवरून कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत. शाळांना कुंपण असावे, एक नोडल अधिकारी नेमावा, मुलांना प्राण्यांजवळ कसे वागावे आणि चावल्यास काय करावे हे शिकवावे.

स्टाफरूममध्ये नोडल अधिकारी कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "सर के घर में तो हैच," कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. माझे नाव फाटकावर लागले.

आमच्या शाळेच्या आवारात दोन कुत्री होती. एक तरणा काळा कुत्रा आणि एक म्हातारी पांढरी कुत्री. दोघांनी कधी कोणाला चावले नव्हते. पोषण आहाराची खिचडी उरली की ती पोरे त्यांना घालत. मोतीने मला काहीही शिकवले असो, फाटकावर माझे नाव मुलांच्या सुरक्षिततेसाठी होते. पोटरीवर दातांच्या खुणा असलेला तो मुलगा आता दहावीत होता आणि त्याच फाटकातून येत होता. कुंपणाची फट बुजवली. प्रश्न होता, ही दोघे जाणार कुठे? आदेशात निवारा होता. आमच्या जवळपास निवारा नव्हता.

मी वर्गात तास घेतला. कुत्र्यासमोरून पळू नये, त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत, खाताना आणि पिल्लांजवळ असताना जवळ जाऊ नये, चावला तर घरी लपवू नये. शेवटी एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचे नदीकडे शेत आहे, रानडुकरे पीक लोळवतात. "सर, काले कू हमारे खेत में ले जाऊं? अब्बा हौ बोले." मी दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना भेटलो, काळ्याला लस दिली आणि त्यांना सांगितले, बांधायचे तर पट्टा सैल ठेवा, दर महिन्याला बोट घालून पाहा. ते म्हणाले, "सर, शेतीचा कुत्रा तर जाएजच आहे." मी म्हणालो, "हो, आणि त्याचे जेवणही तुमच्याच हिशोबात आहे."

म्हातारीला कोणी मागितले नाही. ती शिकारीची नाही, राखणीची नाही, तिला नीट दिसतही नाही. हदीसमधल्या परवानगीच्या कोणत्याही रकान्यात ती बसत नाही. तहानेने ओली माती चाटणारा तो कुत्रा तेवढा तिच्या रकान्यात आहे. मी अम्मीला विचारले. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "नक्को बेटा. एकच संभलता मेरेसे." तिचे गुडघे आता दुखतात आणि मोतीही म्हातारा होत चालला आहे. मी आग्रह केला नाही.

आता ती कुत्री शाळेपासून लांब, बंद पडलेल्या पाणवठ्याजवळ राहते. तिला लस दिली आहे. मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती येऊ नये, म्हणून मी सकाळी फजरनंतर, रस्ता रिकामा असताना तिकडे भाकरी घेऊन जातो. भाकरी अम्मी करते. ती मोजून पाच करते. दोन माझ्या, एक तिची, एक मोत्याची. पाचवी कोणाची, हे आम्ही घरात बोलत नाही.